वाम धरण्याची रीत

दर ऑक्टोबरला होड्या किनाऱ्यावर चढतात
आणि दोर माझ्या टेबलावर येतात,
मिठाने ताठलेले, वेटोळी घालून.
सारेमा बेटाभोवती बर्फ धरायच्या आत
मला प्रत्येकाची जखम पाहायची असते.

ती नेहमी एकाच जागी सापडते.
शीड पूर्ण चढल्यावर
दोर जिथे जबड्यात अडकतो, तिथे वीतभर:
साल पिंजलेली, पांढरा कापूस बाहेर,
जसं कुणी रोज तेवढ्याच जागी चावत होतं.
हा कापूस मी जॅमच्या बरणीत साठवते.
सात वर्षांत दीड बरणी.

जबडे आमचेच. साचा वडिलांचा,
ओतकाम माझं.
आत एकोणीस दाते, कानशीने धार लावलेले.
"धरायचं तर दात हवेत," ते म्हणायचे,
आणि कुणी वाद घालत नसे, कारण
वादळातही त्यांचा जबडा कधी सुटला नाही.
दोर सुटायचे. तुटून.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
ते काथ्याचं झालं.
हा पॉलिएस्टरचा. वितळतो,
निवला की नखासारखा कडक होतो
आणि पिळाचं नावही उरत नाही.

मी दोरावर बोटाबोटाच्या अंतराने शाईच्या रेघा मारल्या,
नांगराची जुनी साखळी टांगली,
दांडा शंभर वेळा दाबला, शंभर वेळा उघडला.
धरताना रेघा चेपल्या, पण राहिल्या.
उघडताना फाटल्या.
इतकी वर्षं आम्ही पकडीला बोल लावत होतो
आणि गुन्हा होता सोडण्याचा,
भाराखाली, घाईने, दातांवरून खरवडत.

त्याच आठवड्यात शेजारची माइमू
धुरी द्यायच्या वामा पिंपातून काढत होती.
मी एक धरायला गेले. नखं रुतवली,
निसटली. पुन्हा रुतवली, पुन्हा अंगणात.
माइमू हसली नाही. लोकरीचा हातमोजा चढवला,
मनगटापर्यंतचा तळवा तिच्या अंगाला टेकवला.
"आवळू नकोस," म्हणाली,
"फक्त सगळीकडून अस."

मी चिकट हातांनीच कारखान्यात परतले.

दाते घासून काढले. जबडा तिप्पट लांब केला,
पोटाला हलका बाक, त्यावर गोल उंचवटे,
आणि उघडताना मागचं टोक आधी सैल,
मग मधलं, पुढचं सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात हेल्दुरच्या होडीवर बसवला.
पार्नूच्या वाटेवर त्याचं शीड चार हात खाली घसरलं.
धक्क्यावर उतरून तो काही बोलला नाही.
माझ्या हातात पेचकस दिला
आणि स्वतः जुना जबडा शोधायला गेला.

ओला दोर! मी कोरड्यावरच तपासलं होतं,
समुद्रासाठीची वस्तू,
शेगडीशेजारी बसून.

पुढचा हिवाळा दोर खाऱ्या बादलीत भिजत राहिला.
उंचवटे थोडे आखूड, थोडे दाट. बाक दोन अंशांनी खोल.
नमुने भिंतीला टांगत गेले.
अकरावा टांगायची वेळ आली नाही.

आता पुन्हा ऑक्टोबर. हेल्दुरचा दोर टेबलावर.
मी डोळे मिटून बोटांनी शोधते,
पुढे, मागे, पुन्हा पुढे.
ती वीतभर जागा लागत नाही.
थोडी चमक आहे फक्त,
कुऱ्हाडीच्या जुन्या दांड्यावर येते तशी.

"अजून पुढे बघ," हेल्दुर म्हणतो.
डोलकाठीच्या टोकाला, कप्पीवरून दोर जिथे वळतो,
तिथे साल पिंजू लागली आहे.
तिथे झीज मी कधी पाहिली नव्हती.
तिथे झिजण्याइतका
आमचा कुठला दोर जगलाच नव्हता.

मी फळीवरची बरणी खाली घेते, झाकण फिरवते.
"कप्पी काढून आण एकदा."
"आणलीय," म्हणतो तो,
आणि कोटाच्या खिशातून काढून
दोराशेजारी ठेवतो.